नागपुरात नवीन आलात, चर्च सापडलं, आता पुढे काय? मंडळीला मनापासून साथ कशी द्यायची

दरवर्षी जून-जुलै आला की आमच्या चर्चच्या मागच्या बाकांवर नवे चेहरे दिसायला लागतात. कोणी नर्सिंगला ॲडमिशन घेतलेली पोरगी, कोणी मिहानमध्ये नोकरी लागलेला, कोणाची रेल्वेत बदली झालेली, आणि एखादा असाही की ज्याने घरी कोणालाच न सांगता पहिल्यांदा चर्चची पायरी चढलेली असते. उपासना संपली की हे लोक सगळ्यात आधी गेटच्या बाहेर. मला ते लगेच ओळखू येतात कारण मी स्वतः आठ महिने हेच केलं, शेवटचं गीत सुरू असतानाच चपला शोधायच्या आणि निघायचं.

मी मूळ अचलपूरची, नर्स आहे, २०११ ला नोकरीसाठी नागपूरला आले. त्या आठ महिन्यांत मला फक्त एका आजींनी विचारलं होतं, "तू कोणाची व माय? कुठं राह्यतं?" मी सांगितलं आणि विसरून गेले. पुढे माझ्या बाबांना मेडिकलमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, भरती करावं लागलं, चौदा दिवस, आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी वॉर्डच्या दारात त्या आजी डबा घेऊन उभ्या. मी कोणाला कळवलं नव्हतं. रविवारी मी दिसले नाही म्हणून त्यांनी माझ्या रूमवर जाऊन घरमालकिणीला विचारलं होतं. चौदाही दिवस डबा आला, रोज वेगळ्या घरातून, आणि त्यातल्या अर्ध्या लोकांची मला नावंही माहीत नव्हती. त्यानंतर मी मागच्या बाकावर बसले नाही.

म्हणून हे लिहितेय. मंडळीला, म्हणजे एका चर्चमध्ये जमणाऱ्या सगळ्या लोकांना, साथ द्यायची म्हणजे नक्की काय करायचं हे नवीन माणसाला कोणी सांगत नाही, सगळे म्हणतात "येत जा" एवढंच. तर मी जे शिकले ते क्रमाने सांगते. मी प्रोटेस्टंट मंडळीतली आहे म्हणून शब्द तिकडचे येतील, कॅथलिक किंवा इतर लोकांनी आपापल्या रीतीप्रमाणे थोडं बदलून घ्या.

१. आधी एक ठिकाण धरा

नागपुरात चर्च पुष्कळ आहेत. सदरमध्ये आहेत, मोहननगरात आहेत, सेमिनरी हिल्सकडे आहेत, जरीपटक्याकडे आहेत, आणि घराघरात भरणाऱ्या छोट्या मंडळ्या तर मोजता येणार नाहीत. सुरुवातीला दोन-तीन ठिकाणी जाऊन बघा, त्यात काहीच चूक नाही, पण मग एक ठरवा आणि निदान तीन महिने तिथेच जा. या रविवारी इथलं संगीत छान, पुढच्या रविवारी तिथलं प्रवचन छान, असं फिरत राहिलं तर तुम्ही सगळीकडे पाहुणेच राहता, आणि पाहुण्याकडे कोणी आपलं दुःखही सांगत नाही न कामही सांगत नाही.

जाण्याआधी भाषा आणि वेळ विचारून घ्या. आपल्याकडे हिंदी, मराठी, इंग्रजी अशा वेगवेगळ्या उपासना असतात, उन्हाळ्यात वेळ बदलून सकाळी लवकर होते, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसला गेला की साडेदहाच्या उपासनेला कोणाला यावंसं वाटणार बाप्पा. सदरकडे जायचं असेल तर मेट्रोने कस्तुरचंद पार्कला उतरून पुढे ऑटो करता येतो.

दहा मिनिटं आधी या आणि वीस मिनिटं उशिरा निघा. ही वीस मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाच्या पोराचं लग्न जमत नाही, कोणाची नोकरी गेली, हे सगळं उपासनेत कळत नाही, ते चहाच्या कपासोबत आवारातल्या झाडाखाली कळतं.

आणि माझ्यासारख्या शिफ्टवाल्यांसाठी, दर रविवार जमत नसेल तर सरळ पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, सांगा की माझी ड्युटी अशी असते. बऱ्याच मंडळ्यांमध्ये आठवड्यात एखादी कॉटेज मीटिंग (कोणाच्या तरी घरी भरणारी प्रार्थनासभा) किंवा उपास-प्रार्थना असते, तिथे या. न सांगता गायब होऊ नका, कारण कोणीतरी तुमची वाट बघत असतं.

२. नाव रजिस्टरमध्ये लावून घ्या

हे लोक टाळतात, मग लग्नाच्या किंवा दफनाच्या वेळी धावपळ होते. आधीच्या मंडळीच्या पाळकांकडून बदलीचं पत्र आणा, बाप्तिस्म्याचा दाखला आणा, दृढीकरण (कन्फर्मेशन) झालं असेल तर त्याचा दाखला, आणि घरातल्या सगळ्यांची नावं-जन्मतारखा एका कागदावर लिहून ऑफिसमध्ये द्या. फोटोकॉपी द्या, मूळ कागद घरी ठेवा. रजिस्टरमध्ये नाव आलं की तुम्ही वार्षिक सभेत बसू शकता, आणि मतदानाची जी काही अट तुमच्या मंडळीत असेल ती पूर्ण केली की कमिटीच्या निवडणुकीत मतही देता येतं. नाव लावणं म्हणजे मी इथला आहे, माझ्यावर हक्काने काम सांगा, असं म्हणणं आहे.

बाप्तिस्मा झालेला नसेल, नवीनच येताय, तर घाई करू नका, कोणी घाई करत असेल तरी करू नका. पाळकांसोबत बसा, प्रश्न विचारा, शिकवणीचा जो काही वर्ग असेल तो पूर्ण करा.

३. दहा नावं पाठ करा

बायबलमधल्या रोमकरांच्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात प्रेषित पौल वीसहून जास्त लोकांना नावानिशी सलाम सांगतो, कोणी घरात मंडळी भरवणारे, कोणी त्याच्यासोबत तुरुंगात राहिलेले, एकीला तर तो माझीसुद्धा आई म्हणतो. लहानपणी हा अध्याय वाचायला कंटाळा यायचा, आता मला तो फार आवडतो.

तुम्ही दहापासून सुरू करा. एक छोटी वही घ्या. पाळक, पाळकीणबाई, चर्चचा चौकीदार किंवा सेवक, तुमच्या पुढच्या बाकावरचं कुटुंब, एक म्हातारं माणूस, एक कॉलेजचं पोर. नाव लिहा, खाली काय चाललंय ते लिहा, रोज दोन-तीन नावं घेऊन प्रार्थना करा. मग पुढच्या रविवारी तुम्हीच विचाराल, "काकू, मोतीबिंदूचं ऑपरेशन कसं झालं?" आणि काकूंचा चेहरा बघा. हे सगळं होतं एका दहा रुपयाच्या वहीने.

नवीन माणूस दिसला तर तुम्हीही नवीन असलात तरी तुम्हीच आधी बोला. आपले कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने जात होते, डब्यात एका अनोळखी गोऱ्या माणसाशी गप्पा झाल्या, त्याने जाताना नवा करार हातात दिला, आणि १८९५ ला टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची गीतं आजही आपण दर रविवारी गातो. त्या माणसाने फक्त बाजूला बसलेल्याशी प्रेमाने बोलणं केलं होतं.

४. एक काम घ्या, छोटं, पण ठरलेलं

नवीन विश्वासूंचा उत्साह मला फार आवडतो पण एक गोष्ट होते, पहिल्याच महिन्यात गायनमंडळ, संडे स्कूल, तरुण संघ, सगळ्यात नाव, आणि चौथ्या महिन्यात कुठेच नाही. मंडळीला अशाने त्रासच होतो, कारण त्या कामावर दुसऱ्या कोणाला ठेवलेलं नसतं.

सेक्रेटरींना किंवा वडील मंडळींपैकी कोणाला एकच प्रश्न विचारा, "असं कोणतं काम आहे जे कोणी करत नाही?" उत्तर साधं असतं. खुर्च्या लावणं. माईकच्या वायरी गुंडाळून कपाटात ठेवणं. एप्रिल-मेमध्ये माठ भरून ठेवणं आणि ग्लास धुणं. जिना चढता न येणाऱ्या आजोबांना घरून आणणं-सोडणं. गीतपुस्तकांची फाटलेली पानं चिकटवणं. संडे स्कूलच्या छोट्या पोरांना प्रार्थना संपेपर्यंत सांभाळणं. मी दोन वर्षं फक्त माठ आणि ग्लास केले, नाइट ड्युटी करून सरळ यायचे, आणि त्या माठापाशी मला जितकी माणसं भेटली तितकी कुठेच भेटली नसती.

प्रेषितांच्या कृत्यांत सहाव्या अध्यायात बघा, भांडण कशावरून झालं, तर विधवांना रोजच्या वाटणीत जेवण नीट मिळत नव्हतं. त्यासाठी सात माणसं निवडली, ती आत्म्याने आणि ज्ञानाने भरलेली असावीत अशी अट ठेवून. जेवण वाटायच्या कामासाठी एवढी अट! म्हणून खुर्च्या लावायच्या कामाला छोटं समजू नका. आणि माईक हातात यायची घाई नको, तो कधीतरी येईल किंवा येणार नाही, काही फरक पडत नाही.

एक वेळ अशी असते जेव्हा सगळ्यांचेच हात लागतात, ती म्हणजे हंगामाचा सण आणि नाताळ. हंगामाच्या सणाला लोक धान्य, भाज्या, कोंबडी, घरचं लोणचं, आणि आपल्याकडे अर्थातच संत्र्याच्या टोपल्या आणतात, मग लिलाव होतो, पन्नास रुपयाचं कोहळं पाचशेला जातं आणि घेणारा ते परत लिलावाला देतो. त्या दिवशी सकाळी सहाला जा, मांडामांड करा, संध्याकाळी झाडू मारूनच घरी या. एका दिवसात अख्खी मंडळी तुम्हाला ओळखायला लागेल.

५. पैशाबद्दल, स्पष्ट

दशांश द्यायचा का, किती द्यायचा, यावर वाद घालणारे भरपूर भेटतील. माझं मत विचाराल तर दहावा भाग हे चांगलं वळण आहे पण पहिली नोकरी लागलेल्या, घरी पैसे पाठवणाऱ्या पोरापोरींनी दोनशे-पाचशेने सुरुवात केली तरी चालते, फक्त ते ठरलेलं असू द्या. पगार झाला की पहिले पाकिटात बाजूला. उरलं तर देऊ म्हटलं की उरत नाही. आणि देण्यासाठी कधीही कर्ज काढू नका, कोणी भावनेच्या भरात काढायला लावलं तर हात जोडून नाही म्हणा. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेचं येशूने कौतुक केलं ते रकमेसाठी नव्हतं.

मिझोरामच्या मंडळ्यांत बायका स्वयंपाक करताना दर वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात, शंभराहून जास्त वर्षं हे चालू आहे आणि त्यातून केवढं मिशनचं काम उभं राहिलं. आमच्या महिला मंडळाने हे ऐकून तांदूळ-तूर डाळ असं सुरू केलं, महिन्याच्या शेवटी ते दोन-तीन गरजू घरी जातं. ज्यांच्याकडे पगार नाही त्या गृहिणींनाही देणारं होता येतं, हे मला त्यात सगळ्यात मोलाचं वाटतं.

आता व्यवहाराचं. पैसे मंडळीच्या नावाच्या खात्यात किंवा क्यूआर कोडवरच टाका, कोणाच्या खाजगी नंबरवर नाही, मग तो माणूस कितीही भला असो. पावती घ्या. चर्च सहसा सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असतात, १९५० च्या न्यास कायद्याखाली त्यांना हिशोब ठेवावा लागतो आणि तो तपासून घ्यावा लागतो, त्यामुळे वार्षिक सभेत हिशोबाचा कागद मागितला तर तुम्ही कोणावर शंका घेत नाही आहात, खजिनदारालाही त्याने बळच मिळतं. आणि टॅक्समध्ये सूट मिळेल असं गृहीत धरू नका, धार्मिक कामासाठी दिलेल्या दानाला ती बहुतेक वेळा मिळत नाही, खजिनदारांना विचारून घ्या.

६. पाळकसाहेबांना साथ

लोकांना वाटतं पाळकांचं काम रविवारी दोन तास. मी एक आठवडा जवळून बघितलाय. सोमवारी सुट्टी असायला हवी होती पण मेयो हॉस्पिटलमधून फोन आला म्हणून तिथे गेले, मंगळवारी दफन, बुधवारी कमिटीची रात्री साडेदहापर्यंत चाललेली मीटिंग, गुरुवारी नवरा-बायकोचं भांडण मिटवायला एका घरी, शुक्रवारी उपास-प्रार्थना, शनिवारी लग्न, आणि प्रवचन तयार करायला बसले ते शनिवारी रात्री अकराला. पगार किती हे विचारू नका. दर काही वर्षांनी बदली, मुलांची शाळा बदलते, मित्र राहत नाहीत.

निर्गमच्या सतराव्या अध्यायात लढाई चालू असताना मोशेचे हात वर असले की इस्राएल जिंकायचं आणि खाली आले की हरायचं, मग अहरोन आणि हूर यांनी त्याला दगडावर बसवलं आणि दोन्ही बाजूंनी हात धरून ठेवले, सूर्य मावळेपर्यंत. त्यांनी मोशेला हात वर कसे धरायचे यावर भाषण दिलं नाही. तर तुम्ही काय काय करू शकता:

त्यांच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करा, आणि त्यांना सांगा की करतो. "साहेब, या आठवड्यात तुमच्यासाठी काय मागू?" हा प्रश्न पाळकांना फार कमी लोक विचारतात.

प्रवचन आवडलं तर नुसतं "छान झालं" म्हणू नका, काय लागलं ते सांगा. "तुम्ही क्षमेबद्दल बोललात न, मी काल रात्री भावाला फोन केला." असं एक वाक्य माणसाला महिनाभर पुरतं.

त्यांच्या सुट्टीच्या दिवशी दाखल्यासाठी, सहीसाठी फोन करू नका. आजारपण, मृत्यू, खरी अडचण असेल तर रात्री दोनला करा, त्यात संकोच नको.

पाळकीणबाई मंडळीच्या नोकर नाहीत. त्यांनी महिला मंडळ चालवावं, संडे स्कूल घ्यावं, पाहुण्यांना चहा करावा, गावं आणि पेटीही वाजवावी, ही अपेक्षा कोणी ठेवली? कदाचित त्यांची स्वतःची नोकरी असेल. त्यांच्याशी मैत्रीण म्हणून बोला. त्यांच्या मुलांनाही सारखं "पाळकाचा पोरगा असून" म्हणू नका.

नवीन पाळक बदलून आले की पहिल्या आठवड्यात पार्सनेजवर (पाळकांच्या घरी) सामान उतरवायला माणसं, दोन दिवसांचं जेवण, गॅसची व्यवस्था, जवळची शाळा, डॉक्टर, किराणा कुठे ते सांगणारं कोणी, एवढं करा. आणि "आधीचे साहेब असं करायचे" हे वाक्य निदान सहा महिने तोंडातून काढू नका.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या काकू आजारी होत्या आणि पाळक भेटायला आले नाहीत, तर मी रागाने व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की मोठ्या लोकांकडेच यांचं जाणं होतं. वीस-बावीस लोकांनी त्यावर आपापलं लिहिलं. दोन दिवसांनी कळलं, त्यांची आई गावाकडे शेवटच्या अवस्थेत होती, ते रात्रीच्या गाडीने जायचे आणि उपासनेपुरते परत यायचे, आणि त्यांनी हे फक्त सेक्रेटरींना सांगितलं होतं. मी घरी जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "ताई, तुम्ही एक फोन केला असता तर मी काकूंकडे कोणाला तरी पाठवलं असतं." ग्रुपवरही मी माफी लिहिली कारण चूक ग्रुपवर केली होती. मत्तयच्या अठराव्या अध्यायात पहिली पायरी एकट्याने जाऊन बोलायची आहे, दुसरी एक-दोघांना घेऊन, आणि मंडळीसमोर सगळ्यात शेवटी. मी शेवटची पायरी पहिले चढले होते.

७. साथ म्हणजे डोळे मिटणं नाही

हे छोटं आहे पण सोडून चालणार नाही. नाथान संदेष्टा दावीद राजाचा माणूस होता आणि त्यानेच राजाला त्याचं पाप तोंडावर सांगितलं. पैशाचा घोळ दिसला तर कागद घेऊन, दोन जबाबदार माणसं सोबत घेऊन कमिटीकडे जा, तिथे ऐकलं नाही तर वरच्या पातळीवर लेखी द्या. पौल तीमथ्याला सांगतो की मंडळीच्या वडिलावरचा, म्हणजे पुढाऱ्यावरचा, आरोप दोघा-तिघांच्या साक्षीशिवाय घेऊ नये, म्हणजे अफवेवर नाही, पण साक्ष असेल तर घ्यायचाच आहे.

आणि लहान मुलाशी कोणी वाईट वागल्याचं कळलं तर ती चर्चच्या आत मिटवायची गोष्ट नाहीच. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे माहीत असून पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन लक्षात ठेवा. मंडळीचं नाव खराब होईल म्हणून पोराला गप्प बसवणारा मंडळीवर प्रेम करत नाही.

८. दवाखाना, डबा, दफन

इथे मी जरा जास्त बोलणार कारण हे माझं रोजचं आहे. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चौघांनी छप्पर उघडून पक्षाघाती माणसाला येशूसमोर खाली सोडलं, त्या चौघांची नावं कुठेच नाहीत. नागपुरात तर पूर्ण विदर्भातून, छिंदवाडा-बालाघाटकडून पेशंट येतात, त्यामुळे कोणत्याही मंडळीतला कोणी ना कोणी सतत दवाखान्यात असतोच, आणि कधी बाहेरगावच्या मंडळीतून फोन येतो की आमचा माणूस तिकडे आहे, जरा बघता का.

बघायला जाताना दोघंच जा, दहा जण नाही. भेटीची वेळ विचारून जा. आयसीयूच्या दाराशी मोठ्याने प्रार्थना नको, बाजूला दुसऱ्या धर्माचे, दुसऱ्या दुःखातले लोक बसलेले असतात, हात धरून हळू आवाजात दोन मिनिटं पुरे. पेशंटला नाही तर सोबतच्या नातेवाइकाला बघा, तो तीन दिवस झोपलेला नसतो. त्याला म्हणा, तू दोन तास जाऊन आंघोळ करून ये, मी बसते. सोबत न्यायच्या वस्तू म्हणजे चटई, चादर, मोबाइलचा चार्जर, पाण्याची बाटली, थर्मास, सुटे पैसे. फळांच्या पिशव्या तर सगळेच आणतात, निम्मी केळी सडतात. "देवाची इच्छा", "विश्वास कमी पडला" असली वाक्यं तोंडातून काढू नका, मी अशा वाक्यांनी रडणारी माणसं वॉर्डात पाहिली आहेत. आणि औषध बंद करा, फक्त प्रार्थना करा, असं तर कोणालाही कधीच सांगू नका. बीपी-शुगरच्या गोळ्या बंद केल्याने काय होतं ते मी बघितलंय.

डब्यासाठी एक तक्ता करा, कोण कोणत्या दिवशी, कोणत्या वेळेला, पथ्य काय. एकाच माणसाकडे ही यादी असू द्या म्हणजे मंगळवारी चार डबे आणि बुधवारी एकही नाही असं होत नाही. आमच्याकडे तर्री न घातलेलं वरण-भात-भाजी असंच ठरलेलं आहे, सावजीचं तिखट घरी गेल्यावर.

रक्तदात्यांची यादी मंडळीत असलीच पाहिजे, नसेल तर नवीन माणसाने करायला हे फार चांगलं काम आहे. नाव, रक्तगट, फोन, शेवटचं रक्त कधी दिलं. वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, पुरुषांनी तीन महिन्यांनी, बायकांनी चार महिन्यांनी देता येतं. ही यादी ग्रुपवर टाकू नका, दोघांकडेच ठेवा, लोकांचे नंबर असतात.

मृत्यू झाला तर घरच्यांना काही सुचत नसतं. कोणीतरी डॉक्टरांचा दाखला, पाळकांना फोन, दफनभूमीची परवानगी, पेटी, गाडी, उन्हाळ्यात बर्फ, या गोष्टी हातात घ्याव्या लागतात. नवीन माणसाने यात पुढे होऊ नये पण सोबत राहावं, पाणी द्यावं, चपला सांभाळाव्या, लहान पोरांना बघावं. आणि खरी वेळ येते पंधरा दिवसांनी, जेव्हा पाहुणे परत गेलेले असतात. तेव्हा जा. काही न बोलता बसलं तरी चालते.

दोन माणसं सहज सुटून जातात त्यांच्याकडे लक्ष द्या. एक, हॉस्टेलवरची पोरं-पोरी, त्यांना महिन्यातून एकदा घरी जेवायला बोलवा. दुसरं, घरच्यांनी तोडलेला नवीन विश्वासू. त्याला सण एकट्याने काढावे लागतात. त्याच्या घरच्यांबद्दल वाईट बोलू नका, ते त्याचे आई-बाप आहेत, त्याला म्हणा, तू त्यांच्याशी नातं तोडू नको, आईला फोन करत राहा. आणि कोण कोणत्या गावचा, कोणाच्या किती पिढ्या ख्रिस्ती, आधी कोणत्या जातीचा, हे विचारणं मंडळीतून जायलाच हवं, मला याचा मनापासून राग येतो.

९. दुसऱ्या चर्चचेही आपलेच

नागपूरकरांना हे माहीत असायला हवं की चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना आपल्याच शहरात झाली, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये, २९ नोव्हेंबर १९७० ला. अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथोडिस्ट धरून सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक झाल्या, आणि त्याची बोलणी १९२९ पासून चालू होती, म्हणजे चाळीस वर्षं. बाप्तिस्मा लहानपणी की मोठेपणी, बिशप असावेत की नाही, अशा प्रश्नांवर लोक चाळीस वर्षं उठून न जाता बोलत राहिले. मग आपण दुसऱ्या मंडळीच्या माणसाशी चहा पिऊ शकत नाही का?

म्हणून, १८ ते २५ जानेवारी ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह असतो, मार्चच्या पहिल्या शुक्रवारी बायकांचा जागतिक प्रार्थना दिन असतो, तुमच्या भागात एकत्र सभा असेल तर जा. कॅथलिक सिस्टर्स, मारथोमाचे अच्चन (म्हणजे त्यांचे पाळक), पेंटेकॉस्टल भाऊ, सगळ्यांना नावाने ओळखा. फक्त एक करू नका, दुसऱ्यांची माणसं ओढून आपली संख्या वाढवू नका. आणि कोणी आपली मंडळी सोडून तिकडे गेला तर रस्त्यात भेटल्यावर तोंड फिरवू नका.

१०. नागपूर सोडताना

बदली होते, कोर्स संपतो, लग्न होतं. नर्सेसमध्ये एक पद्धत आहे, पुढची नर्स आल्याशिवाय आणि तिला प्रत्येक बेडचं सांगितल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाही. मंडळीतही तसंच करा. दोन महिने आधी सांगा, तुमच्या जागी कोणाला तरी सोबत घेऊन शिकवा. साऊंडच्या कपाटाची चावी कुठे असते, कोणता माईक मध्येच बंद पडतो, कोणत्या आजोबांना पायरीपाशी हात द्यावा लागतो, कोणत्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, डब्याच्या यादीत कोण गुरुवारी जमत नाही म्हणालं होतं, हे सगळं एका कागदावर लिहा. बदलीचं पत्र घ्या. वहीतल्या दहा लोकांना घरी जाऊन भेटा.

ती वही मात्र सोबत न्या, आणि नवीन गावी पोहोचलात की पहिल्या रविवारी वीस मिनिटं उशिरा निघा.